बेट, आजार आणि अबोला : जमेका किनकेड व पॅट्रिशिया पॉवेल यांच्या लेखनातील एचआयव्ही-कलंकाचा विचार

प्रास्ताविक

कॅरिबियन साहित्याचा आपल्या विद्यापीठांतील अभ्यास बहुधा गुलामगिरी, वसाहतवाद, स्थलांतर आणि भाषिक अस्मिता या चौकटीत होत आला आहे. डेरेक वॉल्कॉट, व्ही. एस. नायपॉल, जीन ऱ्हिस यांच्या संहिता पदव्युत्तर अभ्यासक्रमांत स्थिरावल्या, त्या याच चौकटीतून. या चौकटीचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु तिच्यामुळे एक मोठा अनुभवप्रदेश आपल्या वाचनाच्या कडेला राहिला. १९८० नंतर या बेटांवर एड्सने माणसे मरू लागली, आणि ज्यांच्याविषयी समाज आधीपासूनच बोलत नव्हता अशा समलिंगी व पारलिंगी व्यक्तींवर त्या आजाराचे खापर फोडले गेले. या अनुभवाला कॅरिबियन लेखकांनी शब्द दिले आहेत. प्रस्तुत निबंधात जमेका किनकेड यांचे आत्मपर पुस्तक 'माय ब्रदर' (१९९७) आणि पॅट्रिशिया पॉवेल यांची कादंबरी 'अ स्मॉल गॅदरिंग ऑफ बोन्स' (१९९४) यांचा प्रामुख्याने विचार केला आहे. या दोन्ही संहितांत कलंक हा विषाणूच्या आधीचा आहे, हे दाखवणे हा एक हेतू. दुसरा हेतू थोडा अप्रिय आहे. किनकेड यांच्या ज्या निर्भीडपणाचे समीक्षक एकमुखाने कौतुक करतात, त्या निर्भीडपणालाही एक आंधळी जागा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'स्टिग्मा' या संज्ञेसाठी येथे 'कलंक' हा शब्द वापरला आहे. अर्विंग गॉफमन यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात ज्याचा दोष उघड आहे अशी व्यक्ती आणि ज्याचा दोष केव्हाही उघड होऊ शकतो अशी व्यक्ती यांत भेद केला होता. लहान बेटावर या दुसऱ्या प्रकारच्या माणसाचे आयुष्य कसे असते, हा पुढील विवेचनाचा धागा आहे. 'तृतीयपंथी' आणि 'हिजडा' या शब्दांना आपल्याकडे विशिष्ट समाजरचनेचा, गुरु-चेला परंपरेचा संदर्भ आहे. तो कॅरिबियन पात्रांवर लादू नये म्हणून तेथे 'पारलिंगी' हा शब्द योजला आहे.

लहान जागेचे समाजशास्त्र

अँटिग्वा हे बेट सुमारे २८० चौरस किलोमीटरचे आहे. बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही ते लहान. एवढ्या जागेत शासकीय रुग्णालय एक, त्यातला विशिष्ट वॉर्ड एक, आणि त्या वॉर्डात कोण दाखल आहे हे बाजारात कळायला दुपारही लागत नाही. 'चारचौघांत' हा आपला शब्द तेथे जवळजवळ संपूर्ण राष्ट्राला लागू पडतो. शहराकडे पळून जाऊन अनोळखी होण्याची जी सोय पुण्या-मुंबईने कोकणातल्या किंवा देशावरच्या तरुणाला दिली, ती बेटावरच्या तरुणाला समुद्र ओलांडल्याशिवाय मिळत नाही. म्हणून कॅरिबियन समलिंगी लेखन मोठ्या प्रमाणावर न्यूयॉर्क, टोरँटो, लंडन येथून लिहिले गेले आणि निवेदक व मागे राहिलेला माणूस यांच्यातले अंतर हा त्या लेखनाचा स्थायी ताण बनला.

कायद्याची पार्श्वभूमी आपणास परकी नाही. ब्रिटिशांनी १८६० साली भारतीय दंड संहितेत कलम ३७७ घातले, आणि १८६४ च्या जमेकाच्या कायद्यात त्याच नैतिक दृष्टीचे कलम दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीसह आले. परंतु सगळा दोष वसाहतीवर टाकून मोकळे होणे इतिहासाला धरून नाही. अँटिग्वा १९८१ मध्ये स्वतंत्र झाला आणि पुरुषांमधील संबंधांना गुन्हा ठरवणारा त्याचा लैंगिक गुन्ह्यांचा कायदा स्वतंत्र संसदेने १९९५ मध्ये संमत केलेला होता. किनकेड यांच्या भावाच्या आजारपणाचाच तो काळ. जुलै २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्यातील संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर सेंट किट्स व नेव्हिस, बार्बेडोस, डॉमिनिका आणि २०२५ मध्ये सेंट लुशिया येथील न्यायालयांनी तोच मार्ग धरला. सेंट व्हिन्सेंटने मात्र २०२४ मध्ये कलमे कायम ठेवली आणि त्रिनिदादमध्ये २०१८ चा अनुकूल निर्णय २०२५ मध्ये अपील न्यायालयाने फिरवला. ज्या मॉरिशस बेटावर मराठी बोलणारा समाज एकोणिसाव्या शतकापासून नांदतो, तेथील सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये असेच कलम निष्प्रभ केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी नोंदवली नाही.

या कलंकाला आणखी एक पदर आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकी आरोग्ययंत्रणेने एड्सचे जे जोखीमगट सांगितले, त्यांत समलिंगी पुरुष, हेरॉइन घेणारे आणि हिमोफिलियाचे रुग्ण यांच्यासोबत हैतीयन लोकांचे नाव होते. एका अख्ख्या देशाचे नाव रोगाच्या यादीत आले. ते वगळले गेले १९८५ मध्ये. पॉल फार्मर यांनी 'एड्स अँड अॅक्युझेशन' (१९९२) या ग्रंथात दोषारोपाचा हा भूगोल तपशिलाने मांडला आहे. महासत्तेने बेटाला डागाळले. आणि बेटांनी हा आजार परदेशी, गोऱ्यांचा, 'तसल्या' पुरुषांचा आहे असे म्हणून तोच डाग आपल्यातल्या दुबळ्यांवर ढकलला. खुद्द अपमानित झालेला समाज आपल्या घरात कोणाला अपमानित करतो, हा प्रश्न कॅरिबियनपुरता नाही. जातिव्यवस्थेच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटावा.

'माय ब्रदर' : भाऊ, आई आणि रविवारचे घर

किनकेड यांचा सर्वांत धाकटा सावत्र भाऊ डेव्हन ड्रू १९६२ साली जन्मला आणि १९ जानेवारी १९९६ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, एड्सने मरण पावला. किनकेड घर सोडून अमेरिकेला गेल्या तेव्हा तो तीन वर्षांचा होता. पुस्तकाचा आरंभ रुग्णालयातल्या भेटीने होतो. भावाला इतर रुग्णांपासून वेगळे ठेवले आहे, खोली अस्वच्छ आहे, आणि ज्या आजारावर उपाय नाही त्यावर पैसा कशाला घालवायचा अशी व्यवस्थेची धारणा आहे. एझेडटी हे औषध अमेरिकेत १९८७ पासून उपलब्ध होते; अँटिग्वात ते मिळत नव्हते. निवेदिका ते अमेरिकेतून घेऊन येते आणि मरणाच्या दारात असलेला भाऊ काही काळ उठून बसतो, हिंडूफिरू लागतो. येथे किनकेड भावव्याकूळ होत नाहीत. भावाचे आयुष्य एका औषधाच्या डबीवर, ती डबी आणू शकणाऱ्या बहिणीच्या पारपत्रावर आणि उधारीच्या पतीवर कसे टांगलेले आहे, एवढेच त्या सांगतात. त्याच्या मृत्यूनंतर जेमतेम सहा महिन्यांनी, जुलै १९९६ च्या व्हँकूव्हर परिषदेत, अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराचे परिणाम जगापुढे आले आणि एड्सचा अर्थच पालटला. आजचा वाचक हे पुस्तक त्या माहितीसह वाचतो, म्हणून त्यातील तारखा अधिक बोचतात.

पुस्तकातील आई हे मराठी वाचकाला चकवणारे पात्र आहे. ती मुलाला टाकत नाही. रोज अन्न शिजवून रुग्णालयात नेते, त्याला धुते-पुसते, त्याची घाण काढते. निवेदिकेचे निरीक्षण असे की, मुले असहाय असेपर्यंत या आईचे प्रेम अतुलनीय असते. ती स्वतःच्या पायावर उभी राहू लागली की ते प्रेम मोडून पडते. आजाराने डेव्हनला पुन्हा बाळ केले, म्हणून तो आईला परत मिळाला. शुश्रूषा आणि स्वीकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतक्या निष्ठुरपणे सांगणारे लेखन विरळा. आपल्याकडील आईविषयक साहित्याच्या पार्श्वभूमीवर तर ते अधिकच अस्वस्थ करते. याला जोडून जुना प्रसंग येतो. पंधरा वर्षांच्या निवेदिकेवर दोन वर्षांच्या डेव्हनला सांभाळण्याचे काम सोपवलेले असते. ती वाचनात गुंग राहते, मुलाचे घाण झालेले दुपटे बदलत नाही. आई परत येते आणि तिची सगळी पुस्तके जाळून टाकते. बहिणीचे लेखिका होणे आणि भावाचे दुर्लक्षित राहणे यांची गाठ या प्रसंगात बसते. 'माय ब्रदर' हा शोकलेख असला तरी तो तेवढ्याच प्रमाणात अपराधी वाचकाचा लेख आहे.

भावाच्या बोलीचा प्रश्नही येथेच येतो. निवेदिका प्रांजळपणे सांगते की इतकी वर्षे दूर राहिल्यामुळे भावाची इंग्रजी तिला चटकन समजत नाही, त्याला पुन्हा बोलायला सांगावे लागते. आणि तिची इंग्रजी ऐकून तो हसतो. त्याचे बोलणे क्रिओल वळणाने दिल्यावर ठिकठिकाणी त्याचा प्रमाण इंग्रजी अर्थही येतो. वाचक अमेरिकेतला आहे, हे यातून उघड होते. ज्याच्याविषयी पुस्तक आहे तो स्वतःच्या पुस्तकात अनुवादित होऊनच बोलतो.

आता त्या आंधळ्या जागेकडे वळू. डेव्हन स्त्रियांशी लगट करणारा, रुग्णालयातल्या परिचारिकांशीही चावट बोलणारा पुरुष म्हणून पुस्तकभर दिसतो. त्याच्या मृत्यूनंतर शिकागोमधील एका पुस्तकवाचनाच्या कार्यक्रमात एक स्त्री निवेदिकेला भेटते. अँटिग्वातील एड्सविषयक बैठकीत निवेदिकेने तिला पाहिलेले असते. ती सांगते की तिने अँटिग्वातले आपले घर रविवारी समलिंगी पुरुषांसाठी खुले ठेवले होते आणि डेव्हन तेथे येत असे. निवेदिकेला भावाच्या आयुष्याची किल्ली सापडल्यासारखे होते. तिच्या मते त्याला आपले खरे रूप कोठेच दाखवता आले नाही. न उमलता गळून पडणाऱ्या कळीची प्रतिमा ती त्याच्यासाठी वापरते. किनकेड या उद्यानप्रेमी लेखिका आहेत, डेव्हनलाही झाडांचे वेड होते. त्यामुळे प्रतिमा सहज येते आणि वाचकाला पटते. बहुतेक समीक्षा येथे थांबते.

परंतु संहितेनेच दिलेली साक्ष या प्रतिमेच्या विरुद्ध जाते. ते घर खरोखर होते. रविवारी, म्हणजे ज्या दिवशी बेट चर्चला जाते त्याच दिवशी, काही पुरुष एका घरात जमत होते. तेथे ते काय बोलत, कशावर हसत, कोण कोणाची वाट पाहत असे, याविषयी पुस्तकात काहीच नाही. त्या स्त्रीला निवेदिका फार प्रश्न विचारत नाही. ज्या लेखिकेने भावाच्या शरीरावरील व्रण, दुर्गंधी, जिभेवरील पांढरा थर यांतले काहीही वाचकापासून लपवले नाही, ती या दारापाशी येऊन परत फिरते. भाऊ उमललाच नाही असे म्हणणे शोक करणाऱ्या बहिणीला सोयीचे असेल; पण तो तिच्या नजरेआड उमलत होता, ही शक्यता तिच्याच पानांवर लिहिलेली आहे. समलिंगी पुरुषाचे आयुष्य म्हणजे केवळ अभाव, केवळ गुपित, केवळ मृत्यूची पूर्वतयारी, असे वाचण्याची सवय कलंकाच्याच तर्काने चालते. सहानुभूतीने वाचले म्हणून तो तर्क बदलत नाही. वर्गात हे पुस्तक शिकवताना कळीच्या प्रतिमेवर तास खर्च होतो आणि रविवारच्या घरावर दोन वाक्ये, असे होऊ नये एवढ्यासाठी हा मुद्दा लांबवला.

मृत भावाचे गुपित त्याच्या संमतीविना प्रकाशित करावे काय, हाही प्रश्न आहे. तो विचारला पाहिजे, पण त्यावर फार काळ रेंगाळण्याची गरज वाटत नाही. अँटिग्वाने त्याच्याभोवती राखलेला अबोला हा काही त्याच्या सन्मानासाठी नव्हता.

नाव नसलेला आजार

पॉवेल यांची कादंबरी १९७८ सालच्या किंग्स्टनमध्ये घडते. ही निवड अर्थपूर्ण आहे. एड्सची पहिली वैद्यकीय नोंद अमेरिकेत ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाली. म्हणजे कादंबरीतील आजाराला अद्याप नाव नाही, त्याच्याविषयी फलक नाहीत, प्रवचने नाहीत. इयन केसन खंगत जातो, कोणालाही कारण कळत नाही. त्याचा मित्र डेल सिंगल्टन हा चर्चशी बांधलेला, आपल्या श्रद्धेवर मनापासून विश्वास असणारा तरुण आहे. इयनची आई मुलाला जवळ करीत नाही, आणि तिचा नकार आजारामुळे आलेला नाही. तो फार आधीचा आहे. कादंबरीचा शेवट हिंसेत होतो.

'एड्सच्या भीतीमुळे लोक समलिंगी व्यक्तींना दूर लोटतात' हे आरोग्यशिक्षणाच्या पुस्तिकांतले परिचित कार्यकारण पॉवेल उलटे करतात. भीतीला रोगाचे नाव मिळण्यापूर्वीच दारे बंद झालेली होती. रोगाने फक्त त्यांना कडी घातली. याचा व्यावहारिक अर्थ असा की विषाणूविषयीची माहिती कितीही वाढली तरी तिच्या बळावर हा कलंक जाणार नाही. जमेकाच्या पुढील इतिहासाने याचा पुरेसा दाखला दिला. समलिंगी हक्कांसाठी झटणारे ब्रायन विल्यमसन यांची जून २००४ मध्ये हत्या झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने हिंसेचा व एचआयव्हीच्या साथीचा संबंध दाखवणारा अहवाल प्रसिद्ध केला: मारहाणीच्या व बदनामीच्या भीतीने माणसे तपासणीला, उपचाराला जात नाहीत. वर्षभराने, जागतिक एड्स दिनाच्या आदल्या दिवशी, एड्स-रुग्णांसाठी काम करणारे स्टीव्ह हार्वे यांना ठार करण्यात आले. २०१३ मध्ये माँटेगो बे येथे ड्वेन जोन्स या सोळा वर्षांच्या पारलिंगी मुलीचा जमावाने जीव घेतला. या घटना कादंबरीनंतरच्या आहेत, पण कादंबरीत त्यांची भूमी दिसते.

आजाराला नाव न देण्याची युक्ती क्यूबाच्या सेवेरो सार्दुई यांनीही वापरली. १९९३ साली एड्सने त्यांचा पॅरिसमध्ये मृत्यू झाला आणि त्याच वर्षी त्यांची 'पाहारोस दे ला प्लाया' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बेटावर एकत्र ठेवलेले, अकाली वृद्ध होत जाणारे रुग्ण तिच्यात आहेत आणि आजाराचा उल्लेख केवळ 'दुखणे' अशा अर्थाच्या शब्दाने होतो. शीर्षकातील 'पक्षी' हा शब्द क्यूबन बोलीत समलिंगी पुरुषासाठीही वापरतात. क्यूबाने १९८६ पासून १९९३ पर्यंत एचआयव्ही-बाधितांना आरोग्यधामांत सक्तीने ठेवले होते, हे लक्षात घेतले की कादंबरीतील बेटाच्या आतल्या बेटाची कल्पना निव्वळ रूपक राहत नाही.

शुश्रूषा करणारे हात

पारलिंगी पात्रांचा शोध घेऊ लागल्यास एक विलक्षण गोष्ट हाती येते. मिशेल क्लिफ यांच्या 'नो टेलिफोन टू हेवन' (१९८७) मधील हॅरी/हॅरिएट पुढे परिचारिका होते. शनी मूटू यांच्या 'सीरियस ब्लूम्स अॅट नाइट' (१९९६) मधील टायलर हा पुरुषी-बायकी या विभागणीत न बसणारा निवेदक एका आश्रमात परिचारकाचे काम करतो. मूटू यांची कादंबरी लांतानाकामारा या कल्पित बेटावर घडते आणि तिच्यात मळ्यांवर आणलेल्या हिंदी मजुरांच्या वंशजांचे जग आहे. या दोन्ही कादंबऱ्या एचआयव्हीविषयी नाहीत. परंतु ज्या काळात वैद्यकीय अहवालांनी पारलिंगी व्यक्तीला केवळ 'जोखीमगट' म्हणून ओळखले, त्या काळात कादंबरीकारांनी तिला रुग्णाच्या खाटेशेजारी, औषध पाजणाऱ्याच्या जागी बसवले. इतरांनी हात लावायचे नाकारलेल्या शरीराला ही पात्रे हात लावतात. हा योगायोग मानणे कठीण आहे. अँटिग्वाचा २०२२ चा खटला ज्यांनी दाखल केला ते ओर्डेन डेव्हिड हेही आरोग्य मंत्रालयात काम करणारे समलिंगी पुरुष होते.

गोव्याचा निखिल

'माय ब्रदर' हे शीर्षक वाचून येथील प्राध्यापकाला ओनिर यांचा 'माय ब्रदर... निखिल' (२००५) हा हिंदी चित्रपट आठवणे स्वाभाविक आहे. दोन्हींत बहीण आपल्या समलिंगी, एड्सग्रस्त भावाची कथा सांगते. चित्रपटामागे गोव्याचे डॉमिनिक डिसोझा यांची हकीकत आहे. त्यांना १९८९ मध्ये गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पकडून ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटे कोंडून ठेवले होते. क्यूबाची आरोग्यधामे आणि हे रुग्णालय यांच्यात व्याप्तीचा फरक आहे, तत्त्वाचा नाही. डॉमिनिक यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली ती त्यांच्या आईने, लुसी डिसोझा यांनी. न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद उचलून धरली. चित्रपटात मात्र लढणारी व्यक्ती बहीण झाली आहे आणि आई-वडील लाजेने मागे सरणारे. लोकप्रिय चित्रपटाला दुरावणारे पालक आणि मग समेट हवा असतो, हे समजण्यासारखे आहे. पण न्यायालयाच्या पायऱ्या चढणारी एक खरी आई त्यात हरवली, याची खंत वाटते. उलट निखिलचा जोडीदार नायजेल हा चित्रपटाने मध्यभागी ठेवला आहे. तो घरात वावरतो, शेवटपर्यंत सोबत राहतो. डेव्हनच्या पुस्तकात असे कोणी नाही. त्याच्यावर प्रेम करणारा पुरुष असेलच, तर तो कफनपेटीपाशी जमलेल्या गर्दीत अनोळखी म्हणून उभा असणार.

या दोन कृती एकाच सत्रात शेजारी ठेवून शिकवता येतील. विद्यार्थ्यांना चित्रपट आधी दाखवावा आणि पुस्तक नंतर द्यावे. मग शिकागोचा प्रसंग आला की नायजेलची जागा रिकामी आहे हे त्यांच्या ध्यानात येते. मराठीत बिंदुमाधव खिरे यांचे 'पार्टनर' (२००५) आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' ही पुस्तके आहेत. या व्यक्तींनी स्वतःच्या भाषेत बोललेले ते शब्द आहेत. 'माय ब्रदर'चा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्याला डेव्हनच्या बोलण्यासाठी मालवणी, वऱ्हाडी की आणखी कोणती बोली घ्यावी हे ठरवावे लागेल, आणि ती निवडल्यावर शेजारी प्रमाण मराठीतला अर्थ द्यायचा की नाही, हेही.